ओढ्याची नोंदवही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तेव्हा तीत ३५१ पट्टे होते आणि त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा ५५ वर गेला. दोन्ही वेळा सर्वांत जास्त पट्टे याच राज्यातले. पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की तो पट्टा या यादीत येतो. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, गोदावरी, मिठी ही नावे तिथे वाचून आता कोणाला धक्काही बसत नाही.

हे आकडे मोलाचे आहेत, त्यांच्याशिवाय वाद घालायलाही पाया उरत नाही. पण ते जिथून येतात ती तपासणी केंद्रे मुख्यतः मोठ्या नद्यांवर असतात. नदी मात्र पुलाखाली सुरू होत नाही. ती डोंगरातल्या पऱ्ह्यात, शेताच्या बांधाला लागून जाणाऱ्या ओहोळात, कोकणातल्या वहाळात आणि गावामागच्या ओढ्यात सुरू होते. या बारक्या धारांपाशी नमुन्याची बाटली घेऊन सहसा कोणी येत नाही. ओढ्यावर लक्ष असते ते गुरे पाजणाऱ्यांचे, कपडे धुणाऱ्या बायकांचे, खेकडे धरणाऱ्या पोरांचे, मळ्याला पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याचे. पाण्याचा वास कधीपासून बदलला, मळे मासे कोणत्या वर्षी दिसेनासे झाले, हे त्यांना ठाऊक असते. फक्त ते कुठे लिहिलेले नसते, त्यामुळे तक्रार करायची वेळ आली की त्यांच्या माहितीला पुराव्याची किंमत मिळत नाही.

ओढ्याकाठच्या माणसांनी आपल्याच ओढ्याचे पाणी आणि त्यातले जीव ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या दिवशी, वर्षानुवर्षे पाहायचे आणि लिहून ठेवायचे, असे हे काम आहे. जगात ते अनेक ठिकाणी चालते आणि काही ठिकाणी त्याने नद्या वाचवायला मदत केली आहे. महाराष्ट्रात ते अजून विखुरलेले आहे. ते इथे रुजावे, आणि इथल्या ओढ्यांच्या स्वभावाला धरून रुजावे, यासाठी पुढली पाने आहेत.

इंग्लंडच्या दक्षिणेला केनेट नावाची नदी आहे. थेम्सची ही उपनदी चुनखडीच्या प्रदेशातून वाहते, त्यामुळे तिचे पाणी नितळ. तिच्या काठी काही स्वयंसेवक दर महिन्याला जाळी घेऊन पाण्यात उतरत आणि तळातले किडे मोजत. जुलै २०१३ मध्ये त्यांच्या जाळीत जे यायला हवे होते ते आले नाही. एरवी शेकड्यांनी सापडणारी गॅमरस नावाची गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी जवळपास नाहीशी झाली होती, माश्यांच्या अळ्या मरून पडत होत्या. स्वयंसेवकांनी लगेच सरकारी पर्यावरण यंत्रणेला कळवले. तपासात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडले. ते मार्लबरो गावाच्या सांडपाणी प्रकल्पातून नदीत आले होते आणि तिथून खाली सुमारे १५ किलोमीटरपर्यंत नदीच्या तळातले कीटकजीवन त्याने उद्ध्वस्त केले होते.

या घटनेतली एक गोष्ट विसरता येत नाही. काठावरून पाहणाऱ्याला पाणी तसेच नितळ दिसत होते. ना फेस, ना रंग, ना दुर्गंधी. कोणी जाळी लावली नसती, तर ती नदी आतून रिकामी झाल्याचे कळायला फार उशीर झाला असता. क्लोरपायरिफॉस महाराष्ट्राला नवे नाही. वाळवीसाठी घरांच्या पायात आणि कीड मारायला शेतात ते वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. फवारणीचा पंप ओढ्यावर धुणे ही आपल्याकडे रोज दिसणारी गोष्ट आहे. त्या पंपातल्या थेंबांनी खालच्या डोहात काय होते, हे पाहणारी जाळी मात्र नसते.

केनेटच्या स्वयंसेवकांना ती शिस्त अचानक सुचलेली नव्हती. ब्रिटनमधल्या गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी २००७ साली एक साधी पद्धत सुरू झाली. जाळी प्रवाहात धरायची, तिच्या वरच्या अंगाला उभे राहून तीन मिनिटे पायाने तळ ढवळायचा, एक मिनिट दगड हाताने तपासायचे, आणि जे मिळेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून फक्त आठ प्रकारचे जीव मोजायचे. एक ते नऊ सापडले तर एक गुण, दहा ते नव्व्याण्णव सापडले तर दोन, अशी चढती मोजणी. प्रत्येक जागेसाठी एक किमान बेरीज आधीच ठरवलेली असते. तिच्या खाली आकडा गेला की त्याच दिवशी यंत्रणेला फोन. मोजणीइतकाच तो फोन महत्त्वाचा, कारण आपला आकडा कोण ऐकणार हे स्वयंसेवकाला आधीपासून माहीत असते.

पाण्याची रासायनिक तपासणी असताना किडे कशाला मोजायचे, हा प्रश्न प्रत्येक नव्या गटात निघतो आणि तो रास्त आहे. बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेची साक्ष देते. रात्री दोन वाजता कोणी टँकर ओढ्यात रिकामा केला असेल, तर सकाळी दहा वाजता घेतलेल्या नमुन्यात त्याचा मागमूस नसेल, ते पाणी केव्हाच पुढे गेलेले असते. ओढ्याच्या तळातली अळी मात्र महिनोन्‌महिने त्याच दगडाखाली राहते. तिला पळून जाता येत नाही. रात्रीचे पाणीही तिच्या अंगावरून गेलेले असते. ती जिवंत आहे का, तिच्याबरोबर आणखी कोण कोण आहे, यावरून मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब लागतो.

हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन संशोधकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कोणते जीव किती घाण सोसतात यावरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी १९४८ साली पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात शैवाल, कीटक, मासे, जिवाणू अशा वेगवेगळ्या विषयांच्या जाणकारांना एकत्र नेले आणि दाखवून दिले की नदीची तब्येत एखाद्या जीवाच्या असण्यानसण्यावर ठरत नाही, किती प्रकारचे जीव एकत्र नांदतात यावर ठरते. १९६९ मध्ये त्याच देशात आयझॅक वॉल्टन लीग या जुन्या संस्थेने ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ हा उपक्रम सुरू केला आणि हे ज्ञान सामान्य नागरिकांच्या हाती आले. त्याच १९६९ साली महाराष्ट्रात जलप्रदूषण रोखण्याचा कायदा झाला. केंद्राचा कायदा १९७४ चा, म्हणजे राज्याने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकले होते. इथे उणीव होती ती कायद्याच्या बरोबरीने नागरिकांची नजर उभी करण्याची.

सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्यात नोव्हेंबरमध्ये, पाणी निवळल्यावर, खळाळातला दोन्ही हातांत मावेल एवढा दगड उचलून पाहावा. पहिल्या काही क्षणांत ओल्या काळ्या दगडाशिवाय काही दिसत नाही. मग दगडाचाच एक तुकडा आडवा सरकल्यासारखा होतो. ती मेफ्लायची अळी. अंग चपटे, दगडाला घट्ट चिकटलेले, मागे बहुधा तीन लांब तंतू, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले सतत थरथरत असलेले. तिचे सगळे बालपण पाण्यात जाते. पंख फुटून बाहेर आल्यावर तिला खाण्यासाठी कामाचे तोंडही नसते. काही तास, फार तर एकदोन दिवस ती जगते. स्टोनफ्लायची अळी तिच्यासारखीच वाटते, पण शेपटीचे तंतू दोनच आणि कल्ले पायांच्या बेचक्यांत. ट्रेमधल्या साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडू लागला की ती पायांवर अंग वरखाली करू लागते, कल्ल्यांवरून पाणी हलते ठेवायला. ही हालचाल पाहिलेले मूल ‘विरघळलेला ऑक्सिजन’ हे शब्द पुन्हा विसरत नाही.

त्याच दगडाच्या खालच्या बाजूला वाळूच्या कणांची बारीक नळी चिकटलेली असेल, तर ती कॅडिसफ्लायच्या अळीची. तोंडातून रेशीम काढून ती कण जोडते आणि त्या घरात राहते. तिचे काही जातभाई घर न बांधता प्रवाहाच्या दिशेने जाळे विणतात आणि पाण्याबरोबर येणारे अन्न त्यात गाळून घेतात. चतुराची अळी गाळात दबा धरून बसते, दुमडलेला ओठ एकदम पुढे फेकून भक्ष्य पकडते आणि मागून पाण्याची चिळकांडी सोडून पुढे झेप घेते. टाचणीच्या अळीला मागे पानासारखे तीन कल्ले असतात. दगडाला नाण्यासारखी चिकटलेली चपटी गोल वस्तू उलथली तर पोटाखाली सहा पाय निघतात, ती एका पाणभुंग्याची अळी. एका दगडावर एवढे सारे भेटणारा ओढा श्रीमंत म्हणावा.

तोच ओढा गावाच्या गटारांनंतर पाहिला तर दगडाची खालची बाजू काळी पडलेली असते आणि कुजल्या अंड्यांचा वास येतो. इथे लालभडक अळ्या सापडतात, कायरोनोमिड माश्यांच्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे ऑक्सिजन अगदी थोडा असला तरी त्या तगतात. गाळात डोके खुपसून शेपट्या हलवणारे ट्युबिफेक्स किडे आणि लांब नळीने पाण्याबाहेरची हवा घेणाऱ्या अळ्या हे त्यांचे सोबती. हजारो जीव, पण दोनतीनच प्रकारचे. संख्या पाहून इथे भरपूर जीवसृष्टी आहे असे एखाद्याला वाटेल, म्हणून जीव किती यापेक्षा प्रकार किती हे मोजायला शिकवावे लागते.

या अळ्यांना गुण देण्याची रीत ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात बसवली गेली. घाण अजिबात न सोसणाऱ्या कुळांना दहा गुण, कायरोनोमिडना दोन, ट्युबिफेक्सच्या जातकुळीला एक. आपल्या केंद्रीय मंडळानेही याच धर्तीवर, प्रदूषण सोसण्याचे गुण आणि विविधतेचे गुण मिळून, पाण्याचे ‘अ’ पासून ‘ई’ पर्यंत पाच जैविक वर्ग ठरवले आहेत. दक्षिण आफ्रिकेत ‘मिनीसॅस’ नावाची पद्धत शाळकरी मुलेही वापरतात, त्यात तेराच गट ओळखायचे असतात. बंगळुरूच्या एट्री संस्थेने २००७ साली के. ए. सुब्रमण्यन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांची जलकीटकांवरची पद्धतपुस्तिका काढली. ती भारतीय ओढ्यांसाठी आहे. त्याआधी पुण्याच्या जी. टी. टोणपी यांनी भारतातल्या गोड्या पाण्यातल्या प्राण्यांवर १९८० साली पुस्तक लिहिले होते. म्हणजे शून्यापासून सुरुवात करायची नाही.

मात्र परदेशातला तक्ता उचलून इथे लावणे धोक्याचे आहे, आणि याबद्दल ठाम बोलायला हवे. द्वीपकल्पीय भारतात स्टोनफ्लायचे प्रकार मुळातच थोडे. ती सापडली नाही म्हणजे पाणी घाण, असा निष्कर्ष काढला तर देवराईतला ओढाही नापास होईल. शिवाय आपले पुष्कळ ओढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत तुटतात, वाहते पाणी संपून डोह उरतात. पावसाळ्यात लोंढा तळाचे दगडसुद्धा फिरवतो आणि अळ्या वाहून जातात. बाराही महिने एका लयीत वाहणाऱ्या केनेटचा तक्ता अशा ओढ्याला बसत नाही. उपाय साधा आहे. ओढ्याची तुलना त्याच्याच वरच्या, गावाआधीच्या भागाशी करायची, आणि या नोव्हेंबरची गेल्या नोव्हेंबरशी. गुणांची बेरीज त्यानंतर.

रसायनाचा भागही सोडून चालत नाही. त्यातली एक तपासणी प्रत्येक गटाने एकदा तरी हाताने करून पाहावी, कारण ती डोळ्यांना पटते. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली ती शोधली आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती अजून शिकवली जाते. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहू देता भरायची. तीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड ही दोन द्रावणे सोडून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होऊन हळूहळू खाली बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. रामप्रहरी खळाळातून घेतलेली बाटली आणि नाल्याच्या तोंडाशी घेतलेली बाटली शेजारी ठेवल्या की पुढे भाषण करावे लागत नाही. मग आम्ल टाकले की साका विरघळून सोनेरी पिवळा रंग येतो. हायपोचे द्रावण थेंबथेंब सोडत तो फिका करायचा, स्टार्च घातल्यावर निळा होतो, आणि ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे थांबून वाचन घ्यायचे. दोनशे मिलिलिटर पाण्याला ठरलेल्या तीव्रतेचा हायपो जितके मिलिलिटर लागला, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन लिटरमागे. आम्ल घातक असते, म्हणून हे काम रसायनशास्त्राच्या शिक्षकाच्या हाताखालीच करावे आणि उरलेले द्रावण ओढ्यात ओतू नये.

आकडा मिळाला तरी वेळ लिहिली नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. उन्हाच्या वेळी शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात. शेवाळाने गच्च भरलेल्या, म्हणजे खरे तर आजारी, डोहात दुपारी तीन वाजता ऑक्सिजन भरपूर निघू शकतो. तोच डोह पहाटे तपासला तर मासे तळमळून वर यावेत इतका कमी. मेलेले मासे बहुतेक वेळा सकाळी दिसतात ते यामुळेच. म्हणून नोंदवहीत तारखेशेजारी घड्याळाची वेळ आणि पाण्याचे तापमान हवेच. पंचवीस अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला साधारण सव्वाआठ मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, थंड पाण्यात जास्त. उंचीवर आणखी कमी. हे माहीत नसले तर मे महिन्यातला साडेसहाचा आकडा पाहून विनाकारण घबराट होते.

घरोघरी पाणी शुद्ध करणारी यंत्रे आल्यापासून टीडीएस हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. खिशात मावणारे टीडीएसचे पेन ओढ्यावर जरूर न्यावे, पण त्याची मर्यादा ओळखून. ते विरघळलेले क्षार सांगते. एकाच ओढ्यात दोनशे पावलांवर आकडा एकदम वाढला तर मध्ये काहीतरी येऊन मिळते आहे, इतके त्यावरून नक्की समजते. जंतूंबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी १९८२ साली भारतीय संशोधकांनीच प्रसिद्ध केलेली हायड्रोजन सल्फाइडची बाटली आहे. तीत पाणी भरून ठेवले आणि एकदोन दिवसांत ते काळे पडले, तर विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचा संशय घ्यायचा. स्वस्त, सोपी, आणि गावसभेत सगळ्यांना दाखवता येते.

हौशी माणसांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा, अशी शंका अधिकारी घेतात. तिला उत्तर आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी प्रामाणिक आहे. २००१ साली लेस्का फोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्वयंसेवकांनी आणि व्यावसायिकांनी गोळा केलेले नमुने ताडून पाहिले. प्रशिक्षण मिळालेल्या स्वयंसेवकांचे नमुने व्यावसायिकांच्या तोडीचे निघाले. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातल्या एंगेल आणि व्होशेल यांच्या अभ्यासात मात्र दिसले की तिथले स्वयंसेवक वापरत असलेली जुनी पद्धत ओढ्यांना आहेत त्यापेक्षा चांगले ठरवत होती. दोष माणसांचा नव्हता, तक्त्याचा होता. संशोधकांनी तक्ता बदलला, आणि निष्कर्ष व्यावसायिकांच्या जवळ आले. हा दुसरा अभ्यास या क्षेत्रासाठी जास्त उपयोगाचा वाटतो. ओढा बरा आहे असे सांगणारी चुकीची पद्धत, न मोजण्यापेक्षाही अधिक नुकसान करते, कारण तिच्यामुळे लोक निर्धास्त होतात.

आकड्यांनी धोरण हलल्याचे उदाहरणही इंग्लंडचेच. यॉर्कशरमधल्या इल्कली गावच्या रहिवाशांनी व्हार्फ नदीत जिथे मुले पोहतात तिथले पाणी तपासून विष्ठेतले जिवाणू दाखवून दिले आणि मागणी लावून धरली. डिसेंबर २०२० मध्ये नदीचा तो पट्टा अधिकृत स्नानस्थळ ठरला. त्या देशात नदीला हा दर्जा प्रथमच मिळाला. दर्जा मिळाला म्हणून पाणी स्वच्छ झाले नाही. पुढच्या वर्षीच्या सरकारी तपासणीत ते ‘निकृष्ट’ ठरले. पण आता दर उन्हाळ्यात ते तपासणे सरकारवर बंधनकारक झाले होते.

महाराष्ट्राकडे याहून जुना एक ठेवा आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत गावकरी पिढ्यान्‌पिढ्या महसीर माशांना देवाचे मासे मानून राखत आले आहेत. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहातही तसेच. डोहातला मासा दिसेनासा झाला तर या गावांत ते त्याच दिवशी सर्वांना कळते. हीही देखरेख आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिराच्या कुंडात, २०२० साली शास्त्राला नवा असलेला एक चिमुकला मासा नोंदला गेला आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. पुढच्या वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. जिथे माणसे पाणी राखतात, तिथे असे काही शिल्लक राहते.

याच्या उलट चित्र पुण्याचे. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. ज्या पाण्यातून जगाला या माशाची ओळख झाली, तिथे आज चिलापीसारखे बाहेरून आलेले, घाण सोसणारे मासेच जास्त दिसतात. तरी शहराने पाठ फिरवलेली नाही. ‘जीवितनदी’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी विठ्ठलवाडीला मुठेचा एक पट्टा दत्तक घेतल्यासारखा सांभाळला आहे. रामनदी तर या कामासाठी जणू आखून दिलेली आहे. भूगाव-भुकूमच्या डोंगरात निघून बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडीमार्गे ती मुळेला मिळते आणि सगळी लांबी वीस किलोमीटरच्या आत. चार माणसांचा गट एका सकाळीत तिचा उगम, मधला भाग आणि संगम पाहू शकतो. कोणत्या वळणानंतर मेफ्लाय संपते आणि लाल अळी सुरू होते, ते वळण नकाशावर खुणावता येते. महापालिकेला विचारायचा प्रश्न त्या खुणेपाशी तयार होतो.

खेड्यांत तर मनुष्यबळ आधीच तयार आहे. जलजीवन मिशनखाली गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवले गेले. त्या नळाचे आणि विहिरीचे पाणी तपासतात. विहीर ज्या ओढ्याच्या पाझरावर जगते, त्या ओढ्यापर्यंत ते किट नेले तर पन्नास पावलांचा फरक. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. अनेक ठिकाणी ती नोंदवही एकदा भरून कपाटात गेली. ओढ्याची दरसालची नोंद तिच्यात गेली तर ती जिवंत राहील आणि नोंदीला कायद्याचा आधारही मिळेल. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘चला जाणूया नदीला’ या राज्य शासनाच्या अभियानाने ७५ नद्यांच्या काठी माणसे चालवली. चालण्यातून जी ओळख झाली, तिला मोजणीची जोड मिळायला हवी.

सुरुवात करणाऱ्यांनी जागा दोनच घ्याव्यात, एक गावाच्या वर, एक खाली. पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून, महिन्यातून एक दिवस ठरवावा आणि तो पाळावा. लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत. बारीक जाळी, पांढरा ट्रे, भिंग, रंगकामाचा मऊ ब्रश, तापमापी, पेन्सिल. शहरातल्या नाल्यात किंवा पुराच्या पाण्यात उतरायचे नाही, तिथे लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांचा धोका खरा आहे. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी घ्यावी. मोजून झालेले जीव जिथून घेतले तिथेच सोडावेत आणि दगड होता तसा, त्याच बाजूवर, परत ठेवावा. डासांसाठी म्हणून गप्पी मासे ओढ्यात सोडणे थांबवावे, ते मूळच्या माशांच्या वाट्याचे खातात. पहिल्या सकाळी एखाद्या कातकरी आजोबांना किंवा जुन्या भोयाला बरोबर न्यावे आणि पूर्वी या पाण्यात कोणते मासे, कोणते खेकडे मिळत ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे. ती यादी वहीच्या पहिल्या पानावर असावी.

काहीच सापडले नाही तर ‘काही सापडले नाही’ असे लिहावे, ते पान कोरे सोडू नये. घाण झाल्याच्या दिवशी फोटो काढणारे पुष्कळ भेटतात. काही न घडलेल्या सर्वसाधारण महिन्यांच्या नोंदी कोणाकडे नसतात, आणि त्या असल्याशिवाय बिघाड सिद्ध करता येत नाही.

आणखी एक नोंद अशी आहे जिला जाळी लागत नाही की रसायन. दरवर्षी ओढ्याचे वाहते पाणी कोणत्या तारखेला तुटले, ही तारीख. वरच्या अंगाला बोअर वाढले, डोंगरावरची झाडी गेली, बंधारा झाला किंवा फुटला, की ती पुढेमागे सरकते. तारीख लवकर येऊ लागली की पहिला फटका खळाळातल्या अळ्यांना बसतो, मग डोहातल्या माशांना, आणि त्यानंतर विहिरीला. पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या गावांत पावसाचा आणि विहिरींच्या पातळीचा आकडा फळ्यावर लिहिला जातो. ज्या गटाला बाकी काही जमणार नाही, त्याने एवढी तारीख तरी दर वर्षी टिपावी आणि ग्रामसभेत त्याच फळ्यावर, पावसाच्या आकड्याशेजारी लिहावी.